काटे बघून आणलेलं झाड

गादीवाल्याला कापूस चिमटीत धरला की सगळं कळे. जुना की नवा, कोरडा की दमट, भेसळ कशाची. झाडांतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नसे. म्हणून तर नात नर्सिंग शिकायला लागली तेव्हा त्याने काटेरी खोडाचं एक रोप दुकानामागे लावलं आणि जाहीर करून टाकलं, "ही सावर. बबडे, तू नोकरीला लागलीस की हिच्याच कापसाची उशी करून देईन."

आता बबडीला परगावी नोकरी लागली होती, रविवारी निघायचं होतं. आणि पानं गाळून बसलेल्या झाडाला पहिल्यांदाच लालभडक फुलं आली होती.

"आता बोंडं धरतील. उशी मागून पाठवतो!" म्हातारा खुशीत म्हणाला.

बबडीने खाली पडलेलं फूल उचललं. मग एक वाळकं पान. जरा घुटमळली.

"आजोबा, सावरीचं फूल वाटीसारखं असतं, जाड पाकळ्यांचं. हे तर चोचीसारखं वाकडं. आणि एका देठाला तीनच पानं. सावरीला पंजासारखी पाच-सात असतात. हा पांगारा आहे. याला शेंगा येतील."

"अगं, पण काटे?"

"काटे दोघांनाही असतात."

गादीवाला मटकन स्टुलावर बसला. दारात बायको उभी होती. ती हसत नव्हती, तिथेच त्याला शंका आली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या पानालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, पाणी घालताना तुम्ही रोज त्याच्याशी गप्पा मारता. मध्ये कुठे तोंड घालू?"

"दुकानात सावरीचा कापूस आहे की, आजोबा," बबडी म्हणाली.

"तो मी कुणालाही देतो."

आजी आत गेली आणि आपली उशी घेऊन आली. "ही उसवा. संसार मांडला तेव्हा तुम्हीच भरली होती."

त्याने चिमूट काढून बघितली. "गोळे झालेत."

"मग पिंजा. हात मोडलेत का?"

त्याने उशी अर्धी रिकामी केली. मग उठून आपलीही आणली. दिवसभर पिंजत बसला, भुवयांपर्यंत पांढरा झाला. बबडी गेली ती नवी उशी पोटाशी धरूनच.

सोमवारी सकाळी तो झाडाला पाणी घालत होता. दुकानातला कापूस घालून उशा भरून घ्या, असं बायको म्हणाली नव्हती, आणि त्यानेही भरल्या नव्हत्या.

"काय म्हणतोय तुमचा पांगारा?" तिने मान चोळत विचारलं.

"विचारतोय, दोघांच्याही माना वाकड्या कशा?"

"सांगा त्याला, तुझ्यामुळेच रे, मेल्या," ती म्हणाली आणि दुसरी बादली भरून घेऊन आली.