रोझेला, दार उघड

व्हर्लीन मॅब्रीला प्रश्न विचारायची खोड होती, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांच्या न्यू केनन चर्चमध्ये ती खोड कुणालाच फारशी पसंत नव्हती. शाळेत संगीत शिकवणारी बाई, वर चर्चच्या गायकमंडळीची प्रमुख. तिला वाटायचं, आपण जे गातो त्याचा अर्थ आपल्याला कळायला नको? बाकीच्यांना वाटायचं, गातोय ना, मग झालं तर.

सध्या तिच्या डोक्यात रोझेला शिरली होती. त्या जुन्या स्तोत्रात ती होती आणि व्हर्लीन ते लहानपणापासून गात आली होती. डीकन, म्हणजे चर्चचे जुने कारभारी, होझिया टन्स्टॉल पुढे उभे राहून एकेक ओळ भराभर सांगायचे, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ लांबवून, घोळवून, हेल काढत गायची. ना पियानो, ना पुस्तक. डीकन सांगतील ते गायचं, हा इथला कायदा. पण तिसऱ्या कडव्यात, देव, नदी आणि थकलेला वाटसरू यांच्या मधोमध एकदम यायचं, "रोझेला, दार उघड." सगळे डोळे मिटून तेही तितक्याच भक्तीनं गायचे. बायबलात रोझेला कुठेही नाही. व्हर्लीननं शोधून पाहिलं होतं.

"अगं, स्वर्गाच्या दाराशी बसणारी देवदूत असेल," आयडेला क्रंप एकदा म्हणाल्या. आयडेला मागच्या रांगेत उभ्या राहून खालच्या सुरात गायच्या. वयानं डीकनच्याच बरोबरीच्या, पण आवाज अजून खणखणीत. "दार म्हटलं की उघडायला कुणीतरी लागतंच की."

"देवदूताचं नाव रोझेला?"

"मग काय, व्हर्लीन असायला हवं होतं? स्वर्गात जाणाऱ्याला दारातच शंभर प्रश्न विचारले असतेस तू! जा, आपला सूर सांभाळ."

यावर सगळी रांग खिदळली आणि विषय तिथेच मिटला.

तो पुन्हा निघाला रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी. नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीचे मिस्टर व्हिटकम आले होते. गोरे, सभ्य, प्रत्येक वाक्यानंतर आभार मानणारे. त्यांनी यंत्र मांडलं, तालीम ऐकली आणि तिसऱ्या कडव्यापाशी हात वर केला.

"ही रोझेला कोण?" त्यांनी विचारलं. व्हर्लीनला तर हा माणूस तिथेच आवडला. "गुलामीच्या काळातली खूण असणार! पळून जाणाऱ्यांना लपवणारं एखादं घर?"

आयडेला छताकडे बघत राहिल्या.

"कुणालाच माहीत नसेल, तर ओळ गाळूया," व्हिटकम म्हणाले. "ऐकणाऱ्याला वाटेल, गाणारे चुकले."

डीकन होझियांनी खुंटीवरची टोपी काढली. "मग मलाही गाळा," ते म्हणाले आणि सरळ चालू लागले. झालं! उद्या दुपारी रेकॉर्डिंग, आणि ओळ सांगणारा माणूसच घरी. दुसऱ्या कुणाची ओळ सांगायची छाती नव्हती, आणि बायकांनी तर न्यू केननमध्ये ती कधी सांगितलीच नव्हती.

व्हर्लीन थेट त्यांच्या घरी गेली. डीकन पुढच्या ओट्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"मनधरणी करायला आलीस की विचारायला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"विचारायला," ती म्हणाली. खोटं कशाला बोला?

डीकन हसले आणि निम्म्या शेंगा तिच्या पुढ्यात सरकवल्या. "रोझेला माझी बहीण. माझ्याहून मोठी. तेव्हा आमचे पपा ओळ सांगायचे. जानेवारीचा महिना, बाहेर बोचरा वारा. ही बया उशिरा आली, आणि आली ती दार सताड उघडं टाकून. म्हाताऱ्या बायका लागल्या कुडकुडायला. पपा ऐन स्तोत्रात होते, थांबणार कसे? त्यांनी त्याच सुरात म्हटलं, 'रोझेला, दार लाव.'"

"आणि?"

"आणि काय! पुढचा सांगेल ते मागच्यांनी गायचं. अख्ख्या चर्चनं गायलं. आपण एक ओळ किती ओढतो ते तू जाणतेस. रो-ओ-ओ-झेला... पोरगी दारात उभी, आणि सगळं गाव डोळे मिटून तिला दार लावायला सांगतंय."

व्हर्लीनला हसू आवरेना. तिच्या मांडीवरून शेंगा खाली सांडल्या.

"आम्हीही असेच हसलो," डीकन म्हणाले. "तिनं दार लावलं. पण बाहेरून."

व्हर्लीनचं हसू जागच्या जागी विरलं.

"पपांना वाटलं, रुसलीय, जेवायच्या वेळेला येईल. पुढे कळलं की ती उत्तरेच्या गाडीत बसली. पुढच्या रविवारी तेच स्तोत्र निघालं. त्याच जागी पपा थांबले आणि म्हणाले, 'रोझेला, दार उघड.' मंडळींनी तेही गायलं. मरेपर्यंत पपा दर रविवारी तसंच सांगत राहिले. त्यांच्यामागं मी."

"शोधलं नाही तिला?"

"उत्तरेला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. कुणी म्हणे डेट्रॉइट, कुणी म्हणे शिकागो. आता ही रेकॉर्ड तिकडे विकली जाणार. आपल्याकडची म्हातारी माणसं तिकडे बसून आपलीच गाणी विकत घेतात. नाहीतर त्या यंत्रासमोर गायची मला काय हौस? ती हयात असेल, आणि तिच्या कानांवर पडलं, तर तिला कळेल. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही, पोरी."

इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण व्हर्लीनच ती.

"काय कळेल तिला?" तिनं विचारलं. "तिनं तर 'दार लाव' ऐकलं होतं. तुमच्या पपांनी शब्द बदलले, हे तिला कुठे ठाऊक? स्वतःचं नाव ऐकून तिला वाटेल, गाव अजूनही आपली टर उडवतंय."

डीकनचे हात थांबले. इतकी वर्षं झाली, पण हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. व्हर्लीनला वाटलं, आपली ही जीभ एकदा कापून टाकावी. तिनं दोनदा माफी मागितली. डीकन शेंगा गोळा करून घरात गेले, आणि ती आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं व्हिटकमना बजावलं, ओळ राहणार. का, ते विचारू नका. त्यांनी आभार मानले. गायकमंडळी उभी राहिली, टेप तयार झाली, तरी डीकनचा पत्ता नाही. व्हर्लीन दोनदा दारापर्यंत जाऊन आली. शेवटी ते आले. रविवारचा काळा कोट घालून, कुणाकडे न बघता जागेवर उभे राहिले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात डीकननी सांगितलं, "रोझेला, दार उघड." मंडळींनी गायलं. आता नदीची ओळ यायची.

"पपा तुझी वाट बघत गेले," डीकननी सांगितलं.

व्हर्लीनचे डोळे खाडकन उघडले. ही ओळ कुणीच कधी ऐकली नव्हती. पण पुढच्यानं सांगितलं की मागच्यांनी गायचं. मंडळींनी छाती भरून श्वास घेतला आणि गायलं, पपा तुझी वाट बघत गेले, नेहमीसारखंच लांबवून, घोळवून. व्हिटकमनी प्रश्नार्थक हात वर केला. व्हर्लीननं 'थांबवू नका' अशी जोरात मान हलवली आणि गात राहिली.

"होझिया अजून त्याच घरात राहतो."

मंडळींनी तेही गायलं. गाता गाता एकेकाला उमगत गेलं, आवाज कापायला लागले, पण ओळ कुणी सोडली नाही.

डीकननी पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ओठ हलले, शब्द नाही. मंडळी थांबली. सांगणाराच गप्प, तर गायचं काय? टेप नुसती फिरत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खालच्या सुरात ओळ आली. आयडेला क्रंप सांगत होत्या. त्यांचे दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर घट्ट होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"रोझेला, आम्ही हसायला नको होतं."

मंडळींनी श्वास घेतला आणि तेही गायलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.