फुंकरीचा विटाळ

काचशाळेत त्या दोघा भावांची एक रीत होती. थोरल्याने तापल्या काचेत पहिली फुंकर घालावी आणि काच निवण्याआधी लोखंडी नळी धाकट्याच्या ओठी द्यावी. मध्ये नळी पुसायला उसंत नसे, आणि तशी इच्छाही कुणाला झाली नव्हती. धाकट्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला, त्याच दिवशी थोरल्याने निराळी नळी आणली.

"तुझ्या मापाची आहे," एवढेच म्हणाला.

धाकट्याने ती घेतली. पुढे घरात त्याचा पेला निराळा झाला, ताटही निराळे झाले.

मग त्याला ताप येऊ लागला. अंगावरचे मांस ओसरले, उशी घामाने भिजू लागली. अखेर इस्पितळात आणल्यावर क्षयाचे निदान झाले.

"हा विषाणू रक्तातल्या राखणदार पेशींमध्येच शिरतो," डॉक्टरीणबाई खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "त्यांच्यातच वाढतो आणि त्यांनाच संपवतो. राखण उठली की एरवी आवरून धरलेले रोग डोकं वर काढतात. गोळ्या नेमाने घेतल्या तर विषाणू दबेल, पेशी सावरतील, क्षयही बरा होईल. पण घरी जाण्याआधी सांगा, तिथं कुणाला खोकला आहे?"

"नाही," थोरला म्हणाला.

धाकट्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि नजर छताकडे वळवली. एका भिंतीआड झोपणाऱ्या धाकट्याला थोरल्याचा खोकला ठाऊक नसेल कसा? रक्ताचा ठिपका उमटलेला रुमाल थोरल्याने भट्टीत जाळला होता. खोकणाऱ्याला भट्टीवरच्या कामावरून काढतात, या भयाने. धाकटा मात्र आजही त्याची अब्रू झाकत होता. ते मौन थोरल्याला सोसवेना.

"बाई, मला आहे. हिवाळ्यापासून. रक्तही पडलं."

"आणि यांच्या शेजारी बसून काम करता?"

"नळी वेगळी केली होती ना!"

"ती कशाला? एचआयव्ही उष्ट्यातून लागत नाही. क्षय मात्र खोकल्याबरोबर हवेतून पसरतो. तुमच्याचकडून आला असं छातीठोक सांगता येणार नाही. पण धोका यांना तुमच्यापासून होता, तुम्हाला यांच्यापासून नव्हता."

थोरल्याची मान खाली गेली. धरणी दुभंगेल तर बरे, असे त्याला झाले.

"नळी वेगळी केलीस दादा," धाकटा क्षीण हसला, "हवा कशी वेगळी करणार होतास?"

त्या थट्टेत डंख नव्हता, म्हणूनच ती अधिक लागली. क्षमा मागावी म्हणून थोरल्याने तोंड उघडले, तोच धाकटा म्हणाला, "ते राहू दे. तू तपासून घेच, पण वहिनीला नि तुझ्या छोटीलाही घेऊन ये. ती तुझ्याच कुशीत झोपते ना?"

थोरल्याच्या मनात त्या दोघी अजून आल्याच नव्हत्या.