टोपलीसकट वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यात काडीचाही बिघाड नाही. माझी स्प्रिंग शाबूत आहे. तबकडीवरचे आकडे थोडे पुसट झालेत, पण वाचता येतात. तरी मला कामावरून काढलं. का काढलं, तेच सांगायला बसलो आहे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझं पांढरं पारडं आरशासारखं लखलखत होतं. पहिली नोकरी प्रसूतिगृहात. तान्ही बाळं माझ्यावर ठेवायची, ती टाहो फोडायची, आणि काटा तीन किलोच्या पुढे गेला की आज्या दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडायच्या. मोठा मान होता मला. मग नवे काटे आले आणि मी भंगारात निघालो. तिथून मला एका डॉक्टरीणबाईंनी उचललं. त्यांचा दवाखाना जनावरांचा, त्यातही मांजरांचा जास्त. बाळं गेली, बोके आले. ओरडणं तेच, फक्त नखं वाढली.

तिथे एक शिंपीकाका यायचे. एकटेच राहायचे. बायको गेलेली, लेक लग्न होऊन दूर. घरात उरली होती ती बायकोची लाडकी मांजर, ठकी. वय वर्षं तेरा, आणि स्वभाव म्हणाल तर फटाक्याची माळ. डॉक्टरीणबाईंच्या अंगठ्यावर तिच्या दातांची खूण होती आणि कंपाउंडरच्या मनगटावर दोन. म्हणून तिला टोपलीबाहेर काढायची कुणाची छाती होत नसे. टोपलीसकट माझ्यावर ठेवायचं आणि टोपलीचं वजन वजा करायचं, अशी पद्धत पडली. काकांच्या बायकोने त्यासाठी कापडाच्या एका पट्टीवर भरतकाम करून ती टोपलीला शिवली होती. निळ्या रेशमाने लिहिलं होतं, ‘ठकी. टोपली एक किलो.’ खाली छोटीशी वेल. कंपाउंडर पट्टी वाचायचा, एक किलो वजा करायचा, आणि कागदावर लिहायचा, चार किलो शंभर. सगळं चोख.

पुढे त्या वेताच्या टोपलीचं बूड सुटलं. लेकीने नवी टोपली पाठवली, जाड प्लॅस्टिकची, लोखंडी दाराची. आता जुनी टोपली टाकायची म्हणजे बायकोच्या हातची पट्टीही जाणार. शिंप्याला ते कसं सोसवेल? त्यांनी पट्टी हलक्या हाताने उसवली आणि नव्या टोपलीच्या गादीला शिवून टाकली. टाका इतका सुबक की जणू ती तिथेच जन्मली. वेल तीच, अक्षरं तीच, एक किलो तेच. आणि नवी टोपली भरत होती एक किलो सातशे!

मला पहिल्याच दिवशी कळलं. मी दाखवलं पाच किलो दोनशे. कंपाउंडरने एक वजा केला आणि ओरडला, “काका, म्हातारीने बाळसं धरलं की! शंभर ग्रॅम वाढली.”

“वाढणारच!” काका खूश. “वाटी चाटूनपुसून साफ करते. परत मागते. शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन चोरून खाते. या वयात कपाटावर उड्या मारते हो, पोरीसारखी.”

अरे, वाढली कसली! ती सहाशे ग्रॅम उतरली होती. पण मला तोंड कुठे आहे? जे वर ठेवतील त्याचा आकडा दाखवायचा, एवढंच माझ्या हाती. काय वजा करायचं ते माणसांनी ठरवायचं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, जाळीतून ठकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “छान.” हात काही लावला नाही.

सहा महिन्यांनी कागदावर आलं तीन किलो आठशे. “उतारवय आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानंतरच्या सहा महिन्यांत ठकी बकासुरासारखी खात होती, घटाघटा पाणी पीत होती, रात्रंदिवस ओरडत होती आणि झिजत होती. पुढच्या खेपेला ती तोंड उघडं टाकून धापा टाकत आली. काका बाहेर बाकावर बसले, कारण त्यांना पाहिलं की ती जास्तच चवताळायची. त्या दिवशी मात्र तिने फिस्सही केलं नाही. चावायचं त्राणच उरलं नव्हतं. म्हणून कित्येक वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर काढलं.

“अगं बाई! हिच्या अंगावर आहे काय? नुसते केस!”

त्यांनी तिला नुसतीच माझ्यावर ठेवलं. दोन किलो सहाशे. कंपाउंडर म्हणाला, “असं कसं मॅडम? टोपलीसकट चार तीनशे भरली. एक वजा केला की तीन तीनशे.” मग त्याने रिकामी टोपली माझ्यावर ठेवली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गळ्यापाशी बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागली. छातीचे ठोके मोजता मोजवेनात. रक्त तपासलं. थायरॉइड नावाची गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. असं झालं की शरीर खाल्लेलं सगळं जाळत सुटतं. मांजर खाते आणि वाळते, आणि लोकांना वाटतं, काय जोमात आहे! म्हाताऱ्या मांजरांना हा आजार बऱ्याचदा होतो. वेळेवर कळला तर सकाळ-संध्याकाळ एक छोटी गोळी पुरते. गोळी घेत नसेल तर कानाच्या आत चोळायचं मलम असतं. मोठ्या रुग्णालयात त्या ग्रंथीवर खास इंजेक्शनही देतात. मांजर पुढे कित्येक वर्षं जगते. पण ठकीचं हृदय वर्षभर धावून धावून थकलं होतं.

“आता काकांना काय सांगायचं?” कंपाउंडरने हळूच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरच्या निळ्या वेलीवरून बोट फिरवलं. मग बाहेर गेल्या. मी आतून ऐकलं, “काका, आमचा काटाच बिघडला होता हो. त्यामुळे उशिरा कळलं.”

“मग फेकून द्या ना तो!” काका कधी नव्हे ते ओरडले. “मुक्या जिवाचा घात केला मेल्याने.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. बाईंनी ती थाप काकांसाठी मारली की इतकी वर्षं हात न लावणाऱ्या स्वतःसाठी, देव जाणे. नवा विजेवर चालणारा काटा आला. मला दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि माझ्या पारड्यात हातमोज्यांची खोकी रचली. काका औषध न्यायला यायचे तेव्हा माझ्याकडे असे बघायचे, जसा मी खुनी. हातमोजा चढवून ते ठकीच्या कानात रोज दोनदा मलम चोळायचे, एक दिवस चुकले नाहीत. ती तीनशे ग्रॅम भरलीसुद्धा. अकराव्या आठवड्यात तिचं हृदय थांबलं.

काही दिवसांनी काका टोपली द्यायला आले. दुसऱ्या कुणाच्या मांजरीला होईल म्हणाले. कंपाउंडर आत होता. काकांनी ती नव्या काट्यावर ठेवली. एक किलो सातशे. त्यांना काही उमगलं नाही. ते माझ्याकडे वळले, खोकी खाली काढली आणि पुटपुटले, “बघू तरी, हा किती खोटं बोलतो.”

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच खोटं बोलावंसं वाटलं. एकच किलो दाखवावा आणि म्हाताऱ्याला सोडावं. पण स्प्रिंगला ते येत नाही. काटा सरकला आणि एक किलो सातशेवर थांबला.

काकांनी पट्टी वाचली. पुन्हा वाचली.  मग खिशातून छोटी कात्री काढली आणि स्वतःच घातलेला एकेक टाका उसवला. पट्टी मुठीत घेतली, टोपली माझ्यावरच ठेवली आणि कुणालाही न सांगता निघून गेले. ते परत कधी आले नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मी रागाने सांगतोय पण खरं सांगतोय. तुमच्या घरची म्हातारी मांजर एकाएकी खा खा करायला लागली, तर कौतुक नंतर करा. आधी तिच्या पाठीवरून हात फिरवा. मणके बोटांना लागले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि वजन करताना तिला टोपलीबाहेर काढाच. ती चावेल. चावू दे.