मलिद्यापुरत्या दोन विटा

धक्का दिला तो नेहेम्याने सवयीने दिला. टीव्हीच्या पडद्यावरचा चेंडू डाव्या कडेच्या खाचेकडे निघालेला त्याला दिसला आणि पुढचं काम कंबरेने परस्पर उरकलं. जेवणाचं टेबल वीतभर सरकलं, कप लवंडला आणि त्याच्या बायकोने, सिपोराने, आलं घालून उकळलेला चहा कंप्यूटरच्या बटणांत शिरला. पडद्यावरचा चेंडू मात्र निवांतपणे खाचेत गेला. त्याला धक्क्याचा पत्ताच नव्हता.

“अबा!” त्याची मुलगी गेउला बापावर किंचाळली.

“अगं, मी काय मुद्दाम केलं? चेंडू पडत होता ना!”

रूवेनने वायर ओढली, यंत्र उपडं केलं आणि चहा बशीत निथळू दिला. तो हसत होता. जावई व्हायला अजून पंधरवडा होता, आणि तेवढ्यात त्याला सासऱ्याचा स्वभाव पुरता कळलेला होता.

“नेहेम्या, याला ढकलून काही होत नाही,” तो हिब्रूत म्हणाला. “याला फक्त बटणं कळतात.”

सिपोरा फडकं घेऊन आली. रूवेनने सासऱ्याला नावाने हाक मारली की तिच्या कपाळावर आठी येई. हिब्रूत आईबापाखेरीज सगळ्यांना नावच, हे तिला पंचवीस वर्षं ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पचणं वेगळं.

“सासऱ्याला नेहेम्या म्हणतो, आणि तोंड बघ कसं साखरेचं,” ती मराठीत पुटपुटली. रूवेनचे आजीआजोबा ठाण्याचे. त्याला मराठी सगळी कळायची, बोलता मात्र येत नसे. तो आणखीच हसला.

मुळात तो कंप्यूटर नेहेम्यासाठीच आणलेला होता. त्याचं कारण आतल्या लहान खोलीत उभं होतं: चार पायांचं, काचेच्या झाकणाचं, अंगात मैलभर वायर असलेलं, कडेची बटणं दाबून फळ्यांनी पोलादी चेंडू उडवत ठेवायचं फ्लिपरचं मशीन. चौदा वर्षांपूर्वी ते इस्रायलच्या वाळवंटातल्या या डिमोना गावाच्या बसस्टँडसमोर मेयर मरोक्कनच्या टपरीत होतं. गिरणीतली पाळी संपली की नेहेम्या तिथे एक डाव खेळे, आणि मशीन रुसलं की तोच पेचकस घेऊन त्याच्या पोटात शिरे. मेयर एलातला राहायला गेला तेव्हा म्हणाला, “हे तुझंच आहे, मी नुसता भाडेकरू होतो.” नेहेम्याने पाय काढले, डोकं काढलं, गिरणीतले दोन मित्र धरले आणि ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. सिपोरा तीन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा मागच्या काचेवरच्या चित्राबद्दल बोलली. त्यात सर्कशीतली एक बाई झुल्यावर बसलेली होती आणि तिचे कपडे फारच बेताचे होते.

“ही माझ्या घरात राहणार असेल तर पोलकं घालून राहील,” असं सिपोराने बजावलं, आणि खरोखरच निळ्या कापडाचं पोलकं शिवून काचेवर चिकटवलं. ते अजून होतं.

गिरणीत नेहेम्या मागांचा मिस्त्री. माग मालकाचे, पगार मालकाच्या मर्जीचा, घर सरकारचं. फक्त हे एक मशीन पायापासून डोक्यापर्यंत आपलं, असं त्याला वाटे. चेंडू पडायला लागला की कंबरेने हलकेच सरकवायचं, पण इतकंच की आतला लोलक चिडू नये. जास्त ढकललं की मशीन ‘टिल्ट’ म्हणून दिवा लावतं आणि हात आखडून घेतं. कुठवर ढकलावं याचा अंदाज नेहेम्याच्या कंबरेत होता. पोरं विचारायला लागली की तो म्हणे, “बायकोशी भांडताना कुठं थांबायचं ते कळतं ना, तसंच.”

आता गेउलाचं लग्न ठरलेलं. सरकारी घर मिळेपर्यंत दोघं इथेच राहणार, म्हणजे लहान खोलीतच. हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि जेवणाचं टेबल एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी होती. नेहेम्या-सिपोराच्या खोलीत पलंग होता आणि तिचं आरसा लावलेलं सागवानी कपाट. मशीन जाणार हे नेहेम्यानेच सर्वांआधी बोलून टाकलं. दुसऱ्या कुणी बोलावं याची त्याला भीती वाटत होती. शेजारच्या येरुहाम गावच्या युवक क्लबचा योएल रविवारी ट्रक घेऊन येणार होता.

रूवेनला हे लागलं. आपण एका माणसाला त्याच्या खोलीतून हाकलतो आहोत, असं तो गेउलाला म्हणाला. तो बेर-शेव्याला कंप्यूटर शिकलेला. हवं तसं फ्लिपर पडद्यावर बांधता येईल असा प्रोग्राम त्याने मिळवला आणि महिनाभर दर भेटीत मशीनची मापं घेतली. कुठला बंपर कुठे, कुठली कमान किती वाकडी, सगळं. “हा मला बघायला येतो की मशीनला?” अशी गेउलाची तक्रार होती. आणि आज पडद्यावर नेहेम्याचं मशीन हुबेहूब उभं होतं. निळे ठिपके जोडून झुल्यावरची बाईसुद्धा काढलेली होती, पोलक्यासकट. ते पाहून नेहेम्याचे डोळे भरून आले. सख्खा मुलगा शमशोन हैफाहून फोनवर “अजून ते खोकं ठेवलंय का?” असं विचारायचा, आणि हा परका पोरगा महिनाभर त्या खोक्यापुढे गुडघे टेकून बसला होता.

“आणि हे बघ,” रूवेनने चहा सांडायच्या आधी कौतुकाने दाखवलं होतं, “गुरुत्वाकर्षण इथून कमीजास्त करता येतं. पाहिजे तेवढं.”

“आमच्याकडं वरचा देतो तेवढंच,” नेहेम्या म्हणाला होता.

कंप्यूटर बाल्कनीत उलटा करून ठेवला. डिमोनाच्या उन्हात वाळत नाही अशी वस्तू अजून जन्मायची आहे. दुसऱ्या दुपारी तो सुरू झाला. थोडा आल्याचा वास येत होता, एवढंच. नेहेम्या त्याच्यावर मनापासून खेळला. चेंडू अडकत नव्हता, रबर तुटत नव्हतं, दिवे जात नव्हते. पण चेंडू फळीवर आदळला की तळव्यांना काही लागत नसे. आवाज टीव्हीतून यायचा, हातातून नाही. आपण खेळतो आहोत की दुसऱ्याचा खेळ बघतो आहोत, हे त्याला नीट समजेना. रूवेन आशेने बघत होता, म्हणून तो म्हणाला, “फर्स्ट क्लास! जागा पण लागत नाय.”

सिपोरा भाजी निवडत होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्याचं ‘फर्स्ट क्लास’ तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. मुंबईहून विमानाने उतरल्यावर वाळवंटातली पत्र्याची खोली मिळाली, तेव्हाही तो असंच म्हणाला होता.

गुरुवारी संध्याकाळी लग्नाआधीचा मलिदा होता. प्रेषित एलियाहू हानाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं आणि गुलाबाची फुलं. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरात नवस फिटला, पोर बरं झालं, लग्न ठरलं की मलिदा व्हायचाच. आणि या घरात तो फ्लिपरवर व्हायचा.

ही रीत युद्धाच्या वर्षी पडली. शमशोन सिनाईच्या आघाडीवरून धडधाकट परत आला त्या दिवशी इतकी माणसं लोटली की घरातली सगळी टेबलं जेवणाखाली गेली. “काचेवर ठेवा,” नेहेम्या म्हणाला. सिपोराने पांढरी चादर अंथरली, वर मलिद्याचं ताट ठेवलं, सगळ्यांनी डोकी झाकली, प्रार्थना सुरू झाली आणि ताट सावकाश चालायला लागलं. फ्लिपरची काच उतरती असते, हे त्या भक्तिभावात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. केळी पुढे, पोहे मागे. शमशोनने झेप घेऊन ते हवेत धरलं. लढाईत दाखवली नसेल एवढी चपळाई पोराने आईच्या मलिद्यासाठी दाखवली, असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत होते. तेव्हापासून मलिद्याच्या दिवशी पुढच्या दोन पायांखाली एकेक वीट जायची. विटा कापडात बांधून पलंगाखाली ठेवलेल्या असत. काच सपाट झाली का ते बघायला नेहेम्या वर पाण्याची ताटली ठेवी.

याही वेळी त्याने विटा सरकवल्या, ताटली ठेवली, पाणी चारी कडांना सारखं लागलं. सिपोराने चादर अंथरली आणि झुल्यावरच्या बाईवर टॉवेल टाकला. देवासमोर नुसतं पोलकं पुरेसं नव्हतं. म्हातारा शलोमो हझान प्रार्थना म्हणायला उभा राहिला. सगळ्यांनी एका सुरात एलियाहू हानाबीचं गाणं धरलं. रूवेनला शब्द येत होते, चाल मात्र त्याच्या आजीची, ठाण्याची होती. तरी कुठे बिघडलं नाही.

मलिदा वाटताना शलोमोने काचेवर बोटांनी टकटक केलं. “काय भक्कम टेबल हाय! तुझ्या शमशोनचा मलिदा यावरच झाला. गेउलाचा झाला. उद्या हिच्या पोराचा पण यावरच, काय सिपोरा?”

“हे रविवारी चाललं,” नेहेम्या घाईने म्हणाला. “येरुहामला. तिथं पोरं खेळतील.”

“अरे!” शलोमो म्हणाला. त्याने एक खजूर तोंडात टाकला.

सिपोराने काचेवरची चादर एकदा हाताने सारखी केली. मग म्हणाली, “घ्या ना, शलोमोभाय, केळं घ्या.” आणि वाटायला लागली.

पाहुणे गेल्यावर विटा काढायचं राहून गेलं. नेहेम्याला ते आठवलं होतं, पण विटा काढल्या की खेळायला हात शिवशिवले असते. तो सरळ झोपायला गेला.

रविवारी त्याने मुद्दाम सकाळची पाळी घेतली. मशीन जाताना बघायचं नव्हतं. मागांच्या खडखडाटात सुटलेला धागा धरताना त्याने स्वतःची समजूत घातली. बासष्टाव्या वर्षी माणसाने खेळणं सोडलं तर कुणी रडत नाही. पोरीचा संसार त्या खोलीत सुरू होणार, यापेक्षा चांगलं काय हवं? समजूत पटत होती. तरी दुपारी बसमधून उतरल्यावर घराकडे पाय उचलेना, म्हणून तो बसस्टँडसमोर जिथे मेयरची टपरी होती तिथे उगाचच एक सोडा प्यायला थांबला.

घराखाली योएलचा ट्रक अजून उभा होता. एवढं करून ते दिसणारच होतं. मान खाली घालून तो जिना चढायला लागला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून आवाज आला, “बाजूला, बाजूला!” तो भिंतीला चिकटला. योएल आणि त्याचा माणूस घाम गाळत काहीतरी उतरवत होते, आणि त्यातून नेहेम्याकडे नेहेम्याच बघत होता. घामेजलेला, कामाच्या कपड्यांतला, तोंड उघडं. आरशातला.

ते सिपोराचं कपाट होतं. तिच्या बापाने भायखळ्याच्या सुताराकडून लग्नात करून घेतलेलं. मागाहून आगबोटीतून, खोक्यात भुसा भरून आलेलं. पत्र्याच्या खोलीत त्याने अर्धी जागा खाल्ली होती तेव्हा ती हौसेने त्याच्या कडेला वळकटी पसरून झोपली होती. दर शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आत ती त्याला पॉलिश करायची.

“अरे, चुकलात तुम्ही! हे नाही न्यायचं!” नेहेम्या हिब्रूत ओरडला.

“बाईंनी हेच सांगितलं,” योएल धापा टाकत म्हणाला. “आम्हाला काय, चेंडू आणि जाळ्या ठेवायला कपाट लागतंच होतं.”

आरसा हेलकावत खाली गेला. नेहेम्या जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या कशा चढला ते त्याला कळलं नाही.

सिपोरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

“सिपोरा, अगं काय केलंस हे? तुझ्या बाबांनी दिलेलं ते!”

“ओरडू नका, पोरगी झोपलीय.” तिने वर बघितलं नाही. “कपाटावर मलिदा ठेवता येतो का? हात पोचत नाय.”

“अगं, पण मलिद्याला टेबल मिळालं असतं. रूवेन म्हणत होता...”

“रूवेन कंप्यूटर देईल. त्याच्यावर ठेवू मलिदा?” ती म्हणाली. मग सुरी थांबवून जरा हसली. “साड्या आता कुठं नेसते मी? गोधडीसारख्या पडून होत्या. तुम्ही दोन दिवस त्या टीव्हीसमोर ‘फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास’ करत होता ना, ते मला बघवेना. जा, हातपाय धुवा.”

कांद्याने तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं होतं. कांदाच होता, हे नेहेम्याने मान्य केलं.

तो आपल्या झोपायच्या खोलीत गेला. भिंतीवर कपाटाच्या मापाचा चौकोन पांढराफटक दिसत होता, कारण तिथे चोवीस वर्षं कुणी रंग दिलेला नव्हता. त्या चौकोनापुढे, लहान खोलीतून सरकवून आणलेलं, फ्लिपर उभं होतं. झुल्यावरची बाई निळ्या पोलक्यात खिडकीकडे बघत होती. पुढच्या पायांखाली विटा पुन्हा तशाच सरकवलेल्या होत्या. आणि सपाट काचेवर, पांढऱ्या चादरीवर, सिपोराच्या साड्या नीट घड्या करून रचलेल्या होत्या. सगळ्यांत वर लग्नातली हिरवी. साड्यांतून डांबरगोळ्यांचा जुना वास आला.

“विटा काढू नका हां इतक्यात,” स्वयंपाकघरातून सिपोरा म्हणाली. “ट्रंक मिळेपर्यंत राहू दे त्या. साड्या घसरतील.”

“नाही काढत,” नेहेम्या म्हणाला.

तो पलंगाच्या कडेवर बसला. बटणांवर सवयीने गेलेले हात त्याने मागे घेतले, आणि हिरव्या साडीची एक घडी जरा कलंडल्यासारखी वाटली ती हलकेच सरळ केली.