मांजरसरांच्या सहा रचना

आमचा मामा संगीतकार होता, ही गोष्ट घरात कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. शाळेत तो मुलांना गाणी शिकवायचा आणि इतका दबकत चालायचा, की मुलांनी त्याचं नाव ‘मांजरसर’ ठेवलं होतं. तरुणपणी त्याच्या सहा पियानोरचना छापून आल्या. छापणाऱ्याने वर्षभरात गाशा गुंडाळला आणि रचनांचं नावही कुणी काढेनासं झालं. मामाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तो होताच तसा, अळीमिळी गुपचिळी.

तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आणि परवा एक तरणीताठी बाई माझ्या शिवणाच्या दुकानात शिरली. मला वाटलं, कोट उसवलाय. तर ती म्हणाली, “मी पियानो वाजवते. तुमच्या मामांच्या रचना मला रद्दीत सापडल्या. मला त्यांची रेकॉर्ड काढायचीय.”

मी कात्री खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले माझे. इतक्या वर्षांनी कुणीतरी मामाची चौकशी करत दारात उभं होतं!

रेकॉर्डसाठी मामीची संमती हवी होती, कारण रचनांचे हक्क तिच्याकडे. मी म्हटलं, “त्यात काय? एका पायावर तयार होईल.” मामीच्या बाबतीत माझे अंदाज आजवर कधी बरोबर आलेले नाहीत, पण मी अंदाज बांधायचं सोडत नाही.

मामी हॉस्पिटलात नर्स होती, कायमची रात्रपाळीवर. सकाळी ती घरी यायची, मामा शाळेत जायचा. दुपारी तो परतायचा तेव्हा ती आतल्या खोलीत झोपलेली असायची. माझी शाळा सुटली की मी त्यांच्याकडेच जायचे, कारण आई दुकानात. मामा दारातच तोंडावर बोट ठेवायचा. मग मला बिस्किटं देऊन तो पियानोपाशी बसायचा आणि मी खाली फरशीवर गृहपाठ करायचे. पडद्यातून पिवळं ऊन यायचं. पियानोतून मऊ, दबलेला, लांबून आल्यासारखा आवाज निघायचा. माझ्या आयुष्यात त्या दुपारींइतकं सुख मला पुन्हा कुठे मिळालेलं नाही. शाळेतला पियानो खणखणीत वाजायचा, तर तो बिघडलाय असं मी बाईंना सांगितलं होतं. सगळा वर्ग हसला.

पाच वाजता मामी उठायची. मामा झाकण लावायचा आणि चहा टाकायला जायचा. ती निवृत्त झाली तोवर त्याची बोटं आखडली होती. झाकण ते लागलं ते लागलंच.

तर, पियानोवालीने आम्हाला एका सभागृहात बोलावलं. रिकाम्या खुर्च्या, मोठा काळा पियानो. मामी पहिल्या रांगेत ताठ बसली. पियानोवालीने सुरुवात केली आणि मी दचकलेच. केवढा तो आवाज! छताला धडकत होता. वाजवून झाल्यावर ती घामेजल्या चेहऱ्याने आमच्याकडे बघत राहिली.

मामी उठून उभी राहिली. “हे आमच्या यांचं नाही.”

“अहो, पण छापलंय तसंच वाजवलं मी,” पियानोवाली म्हणाली. “हे बघा, इथे ‘एफ’ आहे, म्हणजे जोरात. आणि इथे एकाला लागून तीन आहेत. म्हणजे जीव खाऊन वाजवायचं.”

“छापणाऱ्याने घोळ घातला असेल. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही त्यांनी. मी झोपेत ऐकलंय सगळं. मला विचार. हा गोंगाट त्यांच्या नावावर मी खपवू देणार नाही.”

आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. तरीही घरी जाईपर्यंत मी मामीची मनधरणी केली. पण तिचा नन्नाचा पाढा सुरूच. मामाचं संगीत सापडलं काय आणि पुन्हा हरवायला निघालं काय. मला रडू येत होतं आणि मामीचा रागही येत होता.

पियानोवाली चिवट निघाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती मामीच्या घरी हजर. “मला फक्त त्यांच्या पियानोवर एकदा वाजवू द्या. मग नाही म्हणा.”

मामाचा पियानो भिंतीला टेकून तसाच उभा होता. सूर उतरलेले होते, पण वाजत होता. तिने कालचीच रचना धरली. पाठ वाकवून, खांद्यातून जोर लावून वाजवत होती, आणि आवाज मात्र मऊ, लांबून आल्यासारखा. मी डोळे मिटले.

“हां!” मामी म्हणाली. “हे त्यांचं. काल असं का नाही वाजवलंस?”

“मी कालच्याइतकंच जोरात वाजवतेय,” ती चक्रावून म्हणाली. तिने उठून पियानोचं वरचं झाकण उघडलं. “ही हिरवी पट्टी कसली?”

“ती पियानोचीच आहे,” मी म्हटलं. “कोटाच्या कॉलरखाली घालतात ते जाड कापड. जुनी झिजली की माझी आई नवी कापून द्यायची.”

“पियानोत अशी पट्टी नसते हो. ही तारांच्या आड मुद्दाम ठोकलीय, आवाज दाबायला.” ती सहज बोलून गेली, “घरात कुणी झोपलेलं असलं की लावतात.”

मामी पियानोपाशी गेली. तिने पट्टीवरून हात फिरवला.

“काढ ती,” ती मला म्हणाली.

मी खिळे उपटून पट्टी काढली. पियानोवालीने पुन्हा सुरुवात केली आणि ती एवढीशी खोली भरून गेली. तीन ‘एफ’ आले तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. दबकत चालणाऱ्या आमच्या मामाच्या पोटात एवढं सगळं होतं, आणि मी शेजारी बसून बिस्किटं खात होते.

मामीने पियानोच्या लाकडाला हात लावला होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “अहो,” ती म्हणाली, “उठवायचंत ना मला. एकदा तरी उठवायचंत.”

पियानोवालीचे हात थबकले.

“थांबू नकोस,” मामी म्हणाली. “वाजव. मी जागी आहे.”