आगवाल्याची होडी

गेणबाला गावची होडी मिळाली, तर दर सुगीला धरणाच्या दोन्ही काठांवरून घरटी पायलीभर भात रंभाबाईच्या कणगीत पडणार होता. वर लग्नकार्यात गेणबाला मानाचा पाट. अडचण एकच होती. गेणबानं जन्मात वल्हं हाती धरलं नव्हतं, आणि हे फक्त त्याच्या बायकोला, म्हणजे रंभाबाईलाच ठाऊक होतं. तिनं हिशेब केला आणि तोंड शिवलं.

म्हातारा नावाडी बहिरू थकला होता. गेणबा मात्र लढाईतल्या जहाजावरचा गडी! तसं ते जहाज म्हणजे उतारूंची साधी आगबोट. सरकारनं राखाडी रंग फासला, वर एक तोफ बसवली आणि आरमाराच्या मदतीला धाडली. दसऱ्याला चाकरीत शिरली, शिमग्याआधी तळाला गेली. तेवढ्या चाकरीच्या बढायांवर गेणबानं चावडीत दहा वर्षं काढली.

"पोरीचं लगीन हाय," हैबतराव पाटील म्हणाले. "पलीकडनं व्याही आन् जळणाच्या मोळ्या आणायच्यात. नीट आणलंस तर होडी तुजी."

जाताना बहिरूनं वल्हवलं आणि तो पलीकडंच थांबला. येताना वल्हं गेणबाच्या हाती; होडीत पाटील, व्याही, कुंकवाचं ताट घेतलेली रंभाबाई आणि मोळ्यांबरोबर डोंगरवाडीचा चिंधू. मधोमध वारा सुटला. गेणबा एकाच बाजूनं वल्हवत राहिला आणि होडी घाण्याच्या बैलासारखी फिरू लागली. पाणी आत आलं, मोळ्या भिजल्या, पाटलांचा फेटा उडून धरणात पडला.

"आरं, जहाज आसंच चालवायचास व्हय?" पाटील ओरडले.

रंभाबाईला पायलीभर भात दिसत होता, पण आता जीव जाताना दिसू लागला. "ह्ये कसलं चालवत्यात! आगवाले हुते, आगवाले. जहाजाच्या पोटात बसून भट्टीत कोळसा टाकायचे. इचारा, वर किती येळा आले हुते!"

"दोनदा," गेणबा पुटपुटला. "येकदा वकायला."

"आन् दुसऱ्यांदा?" व्याह्यांनी विचारलं.

"बुडताना."

"कुनी बुडवलं? जपान्यानं?"

"न्हाई जी. आपल्याच दुसऱ्या जहाजानं. धक्क्याला लागताना ठोकरलं."

व्याही असे हसले की होडी आणखीच डुलली. चिंधूनं वल्हं काढून घेतलं आणि काठ गाठला.

मांडवात मात्र चुलाण पेटेना. ओल्या मोळ्या, नुसता धूर. भात कच्चा आणि वऱ्हाड उपाशी. रंभाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "जावा की. हितं तरी आगवाले व्हा!"

गेणबानं धोतर खोचलं. राख ओढून वाऱ्याला वाट केली, ढलप्या काढून आतली कोरडी बाजू जाळाला लावली, ओलं लाकूड कडेनं शेकत ठेवलं. घटकाभरात चुलाण असं धडधडलं की आचारी दोन पावलं मागं सरला.

होडी चिंधूला गेली, घरटी पायलीही त्याच्याकडंच. गेणबाला गावच्या दर लग्नाचं चुलाण मिळालं आणि पंगतीतलं पहिलं ताट. रंभाबाईनं त्यावर भाताची खरवड मागून घेतली. व्याह्यांना जन्मभर सांगायला गोष्ट मिळाली. गाठचं गेलं ते एकट्या पाटलांचं: लेक, वऱ्हाडाचं जेवण आणि नवाकोरा फेटा.