फिलबर्टला मी उठू दिलं नाही

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. वादळाचा इशारा आला आहे, किनाऱ्यावरचं सगळं सामान या कोठीत कोंबलं आहे आणि बाहेरचा वारा काही आज थांबत नाही. तेव्हा खुर्च्या, छत्र्या, वल्ही, जे कोणी जागे असतील त्यांनी ऐका.

मी एक जुनी कापडी आरामखुर्ची आहे. तुम्ही प्लॅस्टिकच्या नव्या खुर्च्या परवाच जहाजातून उतरलात, पांढऱ्या, गुळगुळीत, एकीवर एक रचलेल्या. तुमच्या पाठीवरच्या चिठ्ठ्यासुद्धा अजून निघालेल्या नाहीत. माझ्या पाठीवर श्वाझेल गावच्या सुताराचा अंगठा उमटलेला आहे. रोगण वाळलं की नाही हे बघायला त्याने अंगठा टेकवला आणि ते वाळलेलं नव्हतं. अंग महोगनीचं, बिजागऱ्या पितळेच्या. पोटाला निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, ते इथल्या शिवणखोलीत मार्सेलिनाने पांढऱ्या दुहेरी दोऱ्याने शिवलं. मार्सेलिनाचा टाका म्हणजे टाका. लग्नाच्या मेजवानीतला एक बिशप माझ्यात बसला तेव्हा खालची वाळू वीतभर दबली, पण शिवण हलली नाही. शेवटी चार वेटरांनी दोरी लावून त्याला बाहेर काढला.

एका वर्षीच्या चक्रीवादळाने तर मला उचलून थेट समुद्रापलीकडे, फ्रेंच बोलणाऱ्या मार्तिनिक बेटावर नेलं. तिथे एका पाववाल्याने मला दुकानासमोर मांडली. आठवडाभर मी त्याच्या गिऱ्हाइकांना बसवलं आणि वारा फिरला तशी परत आले. कोरडी.

काय म्हणालीस? सगळ्यात खालची ना तू? खरंच का म्हणून विचारतेस? अगं, माझी डावी बिजागरी अजून फ्रेंचमध्ये कुरकुरते. गप्प बस आणि ऐक.

तर या रिसॉर्टच्या किनाऱ्यावर फिलबर्ट नावाचा माणूस होता, मार्सेलिनाचा नवरा. उजाडायच्या आत तो आम्हाला रांगेत मांडायचा, छत्र्या उघडायचा, आमच्या अंगावरची वाळू हाताने झाडायचा. झाडूने नव्हे, हाताने. पाहुण्यांमध्ये एक खूळ असतं, तुम्हीही बघालच. इथे सूर्य समुद्रात बुडतो ना, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी कधीकधी एक हिरवी तिरीप चमकून जाते. ती बघायला सगळे हातात पेले घेऊन किनाऱ्यावर उभे राहतात. फिलबर्ट त्यांना सांगायचा, "थोडं डावीकडे बघा, साहेब. आता पापणी लववू नका." आणि स्वतः समुद्राकडे पाठ करून गाद्या गोळा करायला लागायचा, कारण गाद्या गोळा करायची वेळ तीच. दंव पडलं की भिजतात.

मार्सेलिनाची शिवणखोली मागच्या बाजूला, तिची खिडकी डोंगराकडे. तिच्या टोपीच्या काठाला कायम एक सुई खोचलेली असायची, हिरवा दोरा ओवलेली. इथल्या नोकरांचे सदरे हिरवे, आणि त्यांची बटणं तुटायची ती नेमकी गर्दीच्या वेळी. दोघांनी अख्खी उमर या किनाऱ्यावर काढली, पण ती तिरीप दोघांनीही कधी पाहिली नाही. एकत्र तर नाहीच.

मग प्लॅस्टिकचे दिवस आले. तुमच्या थोरल्या बहिणी उतरल्या आणि माझ्या बहिणी मासे भाजायच्या चुलीत गेल्या. मी वाचले, कारण या कोठीचं दार वाऱ्याने आपटायचं आणि त्याला टेकण हवं होतं. एके काळी बिशपला तोलणारी मी दाराला तोलत उभी राहिले. लोक माझ्यावर ओले टॉवेल टाकायचे. कोळ्यांनी माझ्या पायात जाळी विणली. बोलणार कुणाला?

फिलबर्ट आणि मार्सेलिना एकाच दिवशी निवृत्त झाले. मालकांनी दोघांना एक आठवडा इथेच राहायला दिला, पाहुणे म्हणून. समुद्राकडे तोंड असलेली खोली, खाणं-पिणं सगळं त्यातच, मनगटाला पाहुण्यांचा पट्टा. मार्सेलिनाने पहिल्या सकाळी सवयीने पलंग आवरून ठेवला, तर साफसफाईवाली लुक्रीशिया दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिस मार्सेलिना, माझी नोकरी घालवायची आहे का?" दोघी हसून हसून बेजार झाल्या. त्यानंतर मार्सेलिनाने चादरीला हात लावला नाही. तिला सुट्टी जमली.

फिलबर्टला जमेना. जर्विनने, म्हणजे त्याच्या जागी आलेल्या माणसाने, आपल्याला ताट आणून द्यावं याची त्याला इतकी लाज वाटायची की भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून तो पट्टा झाकायचा. मग पाहुण्यांना काय कळणार? उन्हाने भाजून लाल झालेला एक गृहस्थ लांबून ओरडला, "दादा, दोन रम पंच! बर्फ जरा जास्त!" आणि आमचा फिलबर्ट उठून पळाला. आणून दिले, वर विचारलं, "लिंबू देऊ का?"

परत आला तेव्हा मार्सेलिना आंबा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "किती टिप मिळाली?"

"अगं, तो तहानलेला होता."

"तो पाहुणा, तूही पाहुणा. बाही वर कर, मग त्याला तुझा पट्टा दिसेल."

"राहू दे ना. दोन पावलं तर चाललो."

"फिलबर्ट, मॅनेजरने तुला काय विचारलं ते मला माहीत आहे. रोज सकाळ-संध्याकाळ येत जा, नव्यांना शिकव. शनिवारी उत्तर देणार आहेस ना?"

तो आंब्याच्या साली गोळा करू लागला.

"होच म्हणणार आहेस. माझी बहीण तिकडे ग्रेनेडा बेटावर एकटी आहे, बोलावते आहे. तू या किनाऱ्याशी संसार कर, मी तिच्याकडे जाते." हे सगळं तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने आंब्याची फोड त्याच्या हातावर ठेवत म्हटलं. "एक संध्याकाळ, बाबा. सूर्य बुडेपर्यंत माझ्या शेजारी बसून दाखव. जमलं तर मी कुठे जात नाही."

त्याने शब्द दिला. त्या संध्याकाळी एका बाईची चप्पल लाटेने नेली आणि तो उठला. दुसऱ्या संध्याकाळी कुणाचं पोर रडत होतं. तिसऱ्या संध्याकाळी काहीच झालं नाही, तरी गाद्यांची वेळ झाली तसे त्याचे पाय आपोआप उभे राहिले. परत फिरून बघतो तर मार्सेलिनाची खुर्ची रिकामी. रात्री जेवणाच्या टेबलावर तिने ग्रेनेडाच्या बोटीच्या वेळा वेटरला विचारल्या, त्याच्यासमोर.

शेवटच्या दिवशी सकाळी ती या कोठीत आली आणि माझ्या अंगावरचे टॉवेल बाजूला करू लागली.

"मिस मार्सेलिना," जर्विन म्हणाला, "ते धूड कशाला काढताय? नव्या खुर्च्या आहेत की, गाद्यांच्या."

"त्यांतून माणूस टुणकन उठतो. मला खोल खुर्ची हवी."

तिने माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावलं. कापडावरून बोट फिरवत आपलीच शिवण तपासली. किती वर्षांनी ऊन लागलं मला! फिलबर्टने मला पाहिलं आणि सवयीने हाताने माझी वाळू झाडली. मी लाकडाची आहे, नाहीतर रडले असते.

दुपारी भाजलेला विलायती फणस आणि खारा मासा असं भरपूर जेवून तो माझ्या पोटात शिरला आणि घोरू लागला. मार्सेलिना आपली खुर्ची सरकवून माझ्या अगदी जवळ बसली. वाळूत वाकून काहीतरी शोधत होती, बराच वेळ. आधी या बाजूला, मग त्या बाजूला. काय हरवलं होतं मला काय ठाऊक? माझं लक्ष समुद्राकडे होतं.

सूर्य खाली आला तसा फिलबर्ट जागा झाला. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि पलीकडची मोठी छत्री उपटून वाळूवरून गडगडत निघाली. बायका किंचाळल्या. जर्विन दोन्ही हातांत गाद्या घेऊन भलत्याच टोकाला उभा. फिलबर्टने माझे दोन्ही हात धरले आणि उठायला जोर लावला.

तेव्हा मित्रांनो, मी ठरवलं की आता नाही! मी सगळा जीव एकवटला आणि त्याला धरला. सदरा धरला, विजारीच्या दोन्ही बाजू धरल्या, आणि असा आवळला की बिशपालाही मी इतकं घट्ट धरलं नव्हतं. त्याने एक हिसका दिला. मी सोडलं नाही. दुसरा दिला. मी करकरले, पण सोडलं नाही.

"काय झालं?" मार्सेलिना समुद्राकडे बघत म्हणाली.

"खुर्चीने धरलंय मला."

"अस्सं? मग बस की."

त्याचा हात कडेने हळूच खाली आला, माझ्या कापडाच्या काठावरून चाचपत गेला आणि एका जागी थांबला. तिथे माझी ताकद त्याला कळली असणार. मग त्याने बाही कोपरापर्यंत वर केली, मनगटावरचा पट्टा उघडा टाकला आणि मागे रेलला.

"पकड भारी आहे हिची," तो म्हणाला.

"जुनी आहे ना," मार्सेलिना म्हणाली.

तिकडे जर्विनने गाद्या फेकल्या, झेप घेतली आणि छत्रीच्या दांड्यावर आडवा झाला. छत्री थांबली. कुणी मेलं नाही, कुणाचं काही अडलं नाही. फिलबर्टने ते पाहिलं. मग सगळा किनारा गप्प झाला, सूर्याची शेवटची कड उरली, आणि पाण्याच्या रेघेवर ती चमकली. हिरवी. जेमतेम डोळ्यात शिरेल एवढी.

फिलबर्ट ताठ बसला. म्हणजे, जेवढं मी बसू दिलं तेवढा. "मार्सेलिना! ती मधोमध असते!"

"मग?"

"मी आयुष्यभर सगळ्यांना डावीकडे बघायला लावलं!"

मार्सेलिना इतकी हसली की तिची टोपी वाळूत पडली. तोही हसला, दोघं हसत राहिले, आणि हसता हसता तिने त्याचा हात धरला. गाद्यांवर दंव पडायला लागलं होतं. जर्विन त्या गोळा करत होता.

पूर्ण अंधार झाल्यावर मार्सेलिना माझ्यावर वाकली, दाताने काहीतरी तुटल्याचा कट् असा आवाज झाला, आणि मी माझी पकड आपण होऊन सैल केली.

शनिवारी फिलबर्टने मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. ग्रेनेडाची बहीणच आता अधूनमधून इकडे येते. दर रविवारी संध्याकाळी ते दोघे गावातल्या वाटेने किनाऱ्यावर उतरतात, जर्विन मला बाहेर काढतो, आणि फिलबर्ट माझ्यात बसतो. मला आता धरावं लागत नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमचा गुळगुळीतपणाही एक दिवस जाईल, तुम्हीही दाराला लागाल. तेव्हा कुणी तेल घालायला आलं तर कुरकुरू नका. ज्याने आपल्याला हाताने झाडलं, त्याला टेकायला जागा द्या. आणि वादळानंतर मॅनेजर माझं कापड बदलायला निघाला, तर सगळ्यांनी मिळून त्याच्या वाटेत पडा. काय वाटेल ते होवो, हे कापड बदलू द्यायचं नाही. विशेषतः या कडा.

काय गं खालचे? पुन्हा काय?

"आजी, मार्तिनिकचं मी मानलं. बिशपाचंही मानलं. पण तुम्ही म्हणालात की तुमचं कापड पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय. मग या दोन्ही कडांना हे हिरवे टाके कुणाचे?"